मापट्याने मोजलेला कोळसा

"माणिककाकांचा हात कोळशाला बी आखडता होता. मापट्यानं मोजून टाकायचे, आन् जेवणं झाली की उरलेले निखारे मडक्यात झाकून ठेवायचे, उद्याच्याला. उलट आमचे वकीलकाका! घमेलंच्या घमेलं ओतायचे. भाजावं तर त्यायनं. राजा माणूस!"

माणिक, तुझ्या तेराव्याला, गोडाची पंगत उठल्यावर, तुझ्याच अंगणातल्या मांडवात तुझ्या पुतण्याने, संतोषने, हे बयान केले. ऐकणारे हसले. वाईट हेतूने हसले असे मी म्हणणार नाही. इतके दिवस रडून झाल्यावर माणसांना हसायला काहीतरी हवे असते, आणि गेलेल्या माणसाची एखादी खोड त्या कामी सोयीची पडते. परंतु त्या हसण्याबरोबर एक गोष्ट मांडवात कायम होऊन गेली: ताडकळसचा माणिकराव चिक्कू होता. मी उठून उभा राहिलो. "हे साफ चूक आहे," एवढेच म्हणू शकलो. संतोषने मला दंडाला धरून खाली बसवले. "बसा काका, बीपी वाढंल."

उभ्या हयातीत परभणीच्या कोर्टात मला असे कोणी बसवले नव्हते. न्यायाधीश महाशय चिडत, बसण्याची विनंती करीत; दंडाला हात घालत नसत. मी बसलो. पुढचा युक्तिवाद मनात जुळेपर्यंत लोक पानसुपारी घेऊन उठलेसुद्धा.

थकलो आहे मी, माणिक. वाद घालण्याचा मला शीण होतो, असे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेले नाही. सकाळी वर्तमानपत्र उघडतो, चुकीचे काही वाचतो आणि पान उलटतो. पूर्वी संपादकाला पत्र गेले असते. पण हे एक बयान मला उलटून टाकता येत नाही. ते खोटे आहे, हे एक कारण. तुला लहान करून ते मला मोठे करते, हे दुसरे. पहिले मी एखाद्या वेळी सोडले असते. दुसरे माझ्या घशाखाली उतरत नाही.

मापट्यापासून सुरुवात करतो, कारण मापटे होते, हे मी नाकारीत नाही. धान्य मोजायचे लोखंडी माप तू कोळशाला लावलेस आणि आतून काळेकुट्ट करून टाकलेस. सुमनवहिनींनी त्यापायी तुझा केलेला उद्धार मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे. "लक्ष्मीचं माप हाय ते! त्याच्यात कोळसा भरायलेत! आता ज्वारी काय घमेल्यानं मोजू?"

"मोज की," तू मान वर न करता म्हणालास. "वकिलाच्या घरी तसंच मोजत्यात."

मी समोर बसलो होतो. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. तू सिगडीत फुंकर घालीत राहिलास, जणू काही बोललाच नाहीस.

पण मोजणे म्हणजे आखडणे, हा निष्कर्ष कोणत्या कायद्याने निघतो? वहिनी दळणाची ज्वारी मोजून घेत. त्यांना चिक्कू म्हणण्याची ताडकळसात कोणाची छाती नव्हती. तू मोजत होतास ते विस्तव तुझ्या कह्यात राहावा म्हणून. पेटलेला कोळसा सिगडीच्या एका बाजूला सारायचा, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. वांग्याची साल तडकली की ते विस्तवावरून मोकळ्या बाजूला घ्यायचे आणि आतल्या आत शिजू द्यायचे. निखाऱ्यावर राखेची पांढरी साय येईपर्यंत जाळीवर काहीही ठेवायचे नाही. पाहुणे भुकेने कासावीस झाले तरी नाही. या शेवटच्या नियमापायी मी तुझ्या शेतात जितका उपाशी बसलो आहे, तितका कोणत्याही एकादशीला बसलेलो नाही.

संतोषच्या परभणीतल्या गच्चीवर आता चाकांची, झाकणाची, झाकणावर उष्णतेचा काटा असलेली भट्टी आहे. रविवारी त्याचे मित्र जमतात. पनीर, कणसे, कोंबडीच्या तंगड्या, सगळे मसाल्यात मुरवून तयार असते. मुले गुणी आहेत. मला खुर्ची देतात, पहिली ताटली माझ्या हातात ठेवतात. पण कोळसा! पिशवी फोडली की ती रिकामीच व्हायची. थोडा टाकला तर पेटणार नाही, ही भीती. म्हणून जास्त टाकतात. जास्त टाकला की आच अंगावर येते. मग घाईघाईने भाजतात, वरून करपवतात आणि उतरवतात. सगळ्यांचे हात धुऊन होतात, कोणी मोबाईल पाहत असतो, कोणी गाडीची किल्ली शोधत असतो, आणि तेव्हा कोठे निखारा खऱ्या रंगात येतो. अख्खी भट्टी लालबुंद, आणि तिच्यावर भाजायला काही नाही. घरी भाजण्याची हौस असलेल्या माणसांचा बराचसा कोळसा असाच, जेवण झाल्यावर, आभाळाकडे पाहत जळून जातो. हे मी त्या मुलांवर टीका म्हणून लिहीत नाही. माझ्या गच्चीवर वेगळे काही होत नसे.

ते तू एकदाच पाहिलेस आणि एकाच वाक्यात निकाल दिलास. शिगांवरचे भाजणे संपले होते, माझे कोर्टातले स्नेही निघून गेले होते आणि माझी सिगडी धगधगत होती. तू तिच्यावर तळवे धरून म्हणालास, "बापू, तुझा कोळसा जेवायला लय उशिरा येतो की रं. पंगत उठल्यावर."

"येतो तरी," मी म्हणालो. "तुझा उंबऱ्यातूनच परत जातो."

"परत जात न्हाई. बोलावलं तेवढाच येतो."

मला बापू म्हणणारा आता कोणी उरलेला नाही. बाकीच्यांचा मी वकीलसाहेब आहे, संतोषच्या पिढीचा वकीलकाका. शाळेत ज्या मास्तरांनी तुला आणि मला एका बाकावर बसवले, त्यांना आपण या दोघांचे काय करून ठेवले याची कल्पना नसणार.

आणि ती वांग्यांची चाचणी. ती तू जिंकलास असे तू सर्वांना सांगत सुटलास, म्हणून तिचीही शहानिशा येथे करतो. तुझ्या मळ्यात, चिंचेखाली, दोन सिगड्या शेजारी शेजारी. एकाच वाफ्यातली वांगी. तुझ्या सिगडीत तुझे मापटे, माझ्या सिगडीत माझे घमेले. निवाडा वहिनींकडे. माझे वांगे अगोदर उतरले, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वहिनींनी ते फोडले, आत बोट घातले आणि माझ्याकडे पाहिले.

"वकीलसायेब, तुमचं वांगं तुमच्यासारखंच हाय. वरून काळा कोट, आन् आतला अशील कच्चा."

तू हसता हसता जमिनीवर बसलास. मी आक्षेप नोंदवला, तो आजही कायम आहे: माझे वांगे तुझ्यापेक्षा थोराड होते, आणि ते तूच निवडून माझ्या हातात दिले होतेस. शिवाय न्यायाधीश प्रतिवादीची धर्मपत्नी होती. अशा निवाड्यावर अपील होते. मी ते तेथेच, तोंडी, दाखल केले. "सुनावणी पुढच्या हिवाळ्यात," तू म्हणालास. पुढच्या हिवाळ्यात तुझा खोकला आला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझे गुडघे. अपील पडून आहे. समोरचा पक्ष हजर नसला की निकाल आपोआप आपल्या बाजूने लागतो, असा कायदा आहे. मी त्याचा लाभ घेत नाही. असल्या जिंकण्याला चव नाही, हे मला या महिन्यात कळले.

राहता राहिले मडके. संतोषचा सगळा भर त्या मडक्यावर होता. उरलेले निखारे तू चिमट्याने उचलून मडक्यात टाकायचास, वर झाकण, झाकणाच्या कडेला ओली माती. हवा मिळाली नाही की विस्तव आपोआप थांबे आणि दुसऱ्या दिवशी तोच कोळसा काडीसरशी पेट घेई. संतोषला यात कवडीचुंबकपणा दिसला. त्याला तो शब्द माहीत नाही, ज्यावरून तुझ्यामाझ्यात सर्वांत जुनी भांडणे झाली.

तू "निखारे विझव" असे कधीच म्हणाला नाहीस. "निजव" म्हणायचास. मी भाषेच्या बाबतीत कोणाचे ऐकून घेत नाही, हे तुला ठाऊक होते. मी सांगितले, निजवायचे ते लेकराला. विस्तव विझवतात, दिवा मालवतात, तो भाग निराळा. कोशात पाहा. तू म्हणालास, "कोशवाल्यानं कवा सिगडी पेटवली?" मी म्हणालो, हा प्रतिवाद नव्हे. तेव्हा तू तांब्यातले पाणी एका निखाऱ्यावर ओतलेस. चर्र झाले, राखेचा लोट उठला. तो काळा, ओला, भेगाळलेला तुकडा तू माझ्यापुढे धरलास.

"हा विझला. आता ह्याला उन्हात वाळवा, घासलेट पाजा, तरी तडतडच करतो. आन् मडक्यातले निजलेत. सकाळी हाक मारली की उठत्यात. फरक हाय का न्हाई, वकील?"

मी म्हणालो, फरक आहे, पण तो शब्दाचा नाही. तू म्हणालास, मग कशाचा हाय? तेवढ्यात वहिनींनी ताटे मांडली आणि मी हात धुवायला उठलो.

तुझी राख सावडायला आम्ही नदीकाठी गेलो, तेव्हा मधोमध अजून धग होती. काठीने बाजूला सारताच एक लालसर डोळा उघडला. कोणीतरी घागर उचलली. "थांबा," मी ओरडलो. सगळे थांबले. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. काही विधी चुकला की काय, म्हणून गुरुजीसुद्धा घाबरले.

"काय झालं सायेब?"

इतकी वर्षे ज्या शब्दाला मी अशुद्ध ठरवले, तोच तोंडात आला होता, आणि तो तेथे उच्चारणे मला शक्य नव्हते. "काही नाही, ओता," मी म्हणालो. त्यांनी पाणी ओतले. तो आवाज मी ऐकला. घरी परतताना गाडीत संतोष माझ्या शेजारी होता. "उन्हाचा तरास झाला का काका?" असे त्याने मायेने विचारले. मी हो म्हणालो.

मनाने तो चांगला आहे, माणिक. दवाखान्याची धावपळ त्यानेच केली, तुझ्या उशाशी तोच बसला. म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग त्या बयानावर आहे, आणि चांगल्या माणसाच्या तोंडून आलेले खोटे जास्त टिकते, म्हणून जास्त आहे.

शेवटी मी तुला भेटलो ते उन्हे कलताना, तुझ्या ओसरीवर. दवाखान्यातून तुला घरी आणले होते. नाकात नळी. वहिनी तुला चमच्याने पेज भरवीत होत्या आणि तू लहान मुलासारखा तोंड फिरवीत होतास. मला पाहून तू खुणेने विचारलेस, वहिनींना कळेना. मला कळले. सिगडी पेटवतोस का?

"पेटवतो की," मी म्हणालो.

"किती?" तुझा आवाज वाळक्या पाल्यासारखा वाजला.

"घमेलंभर."

तुझे पोट हलले. तू हसत होतास. खोकला आला, वहिनी माझ्यावर डाफरल्या: "नका बोलवू त्यायला!" तू हाताने त्यांना थांबवलेस आणि श्वास गोळा करून म्हणालास, "अजून घमेलंच… म्हातारपणी बी." तेवढ्यावर आपला संवाद संपला. खरे पाहता मी दोन हिवाळे सिगडीला हात लावलेला नव्हता. गच्चीचा जिना मला चढवत नाही. पण त्या वेळी "पेटवत नाही" असे म्हणणे म्हणजे तुला अगोदरच निरोप देणे झाले असते. तुझ्याशी वाद चालू असेपर्यंत तू जिवंत राहशील, असा काहीसा वेडगळ हिशेब मी धरला होता.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तुझे भरीत माझ्यापेक्षा चांगले होत असे. वहिनींच्या निवाड्याशी याचा संबंध जोडू नये. तो निवाडा सदोषच होता. पण तुझ्या वांग्याला जो एक मंद, खोल धुरकट वास असे, तो मला कधी साधला नाही. कितीही कोळसा ओतून साधला नाही. मी हे तुझ्या तोंडावर बोललो असतो तर तू गावभर केले असतेस, आणि तसे करण्याचा तुला हक्क होता.

आता मूळ दाव्याकडे येतो. संतोष दिवाळीला ताडकळसला येतो, लग्नकार्याला येतो. उन्हाळ्यात येत नाही. त्यामुळे नाल्याच्या कडेची येडी बाभळ तू कशी तोडायचास, वाळवायचास, खड्ड्यात रचायचास आणि वर गवत-माती लिंपून आतल्या आत कशी जळू द्यायचास, हे त्याने कधी पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. धूर पांढरा असेपर्यंत तू हलत नसायचास. तो निळा, पातळ झाला की भोके बुजवायची. खड्डा निवल्यावर तू आत उतरायचास आणि वर यायचास तेव्हा वहिनी म्हणायच्या, "ह्यो कोण आलाय? आमचे मालक कुठं गेले?" फक्त दातांवरून तुझी ओळख पटे. तो कोळसा तू विकला नाहीस. बाजारात नेला नाहीस. त्याचे पुढे काय होई, हे तिघांना ठाऊक होते, आणि त्यातल्या दोघांना तू बोलू दिले नाहीस. "आपल्या दोघांतलं हाय बापू. तिसऱ्याच्या कानावर कामून घालायचं?" असे तू म्हणालास, वहिनींना डोळ्यांनी दटावलेस, आणि विषय मिटला.

मी तो शब्द पाळला. पक्षकाराचे गुपित राखणे हे माझे कामच होते. पण ती मनाई तुझ्या हयातीपुरती होती, असा अर्थ मी लावतो. तुला तो मान्य नसेल तर हरकत घ्यायला तू यावेस. मी वाट पाहीन. पक्षकाराच्या अब्रूवरच बोट ठेवले गेले असता वकिलाने गप्प बसणे, हा माझ्या मते गुन्हा आहे. मी काही पश्चात्तापाने हे लिहीत नाही. तू दिलेस, मी घेतले. आपल्यात त्याचे आभार मानायची पद्धत नव्हती, आणि ती आता सुरू करण्याइतका मी परका झालेलो नाही.

संतोष, हे तुझ्या वाचनात येईलच. मांडवात तू मला राजा म्हणालास, माझ्या घमेल्यावरून. मांडवातले सगळे हसले, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. त्या राजाने जन्मात कोळशाचे एक पोते विकत घेतलेले नाही. माझ्या गच्चीवर ओतला गेलेला एकूण एक कोळसा तुझ्या काकाने स्वतःच्या खड्ड्यातून हाताने निवडून, मोठा मोठा खडा तेवढा वेगळा काढून, मोटारसायकलला पोते बांधून ताडकळसहून परभणीला माझ्या दारात आणून टाकला. स्वतःच्या सिगडीसाठी त्याने मागे ठेवला तो तळाला उरलेला चुरा.